बँडचा मानकरी

हेमांगी वैतीला प्रश्न विचारायची खोड होती, आणि ती साधीसुधी नव्हती. अंधेरी पश्चिमेला एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी ती मासे घेऊन बसायची. पापलेटाचे तुकडे पाडून होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरातली निम्मी हकीकत तिला कळलेली असायची. पाहुणे कोण येणार, सून कुठली, तिला तिसऱ्यांच्या शिंपल्या चालतात की तोंड फिरवते, मुलगा परदेशातून आला तर राहणार की नुसतं तोंड दाखवून जाणार. बाकीच्या कोळणी भाव सांगून मोकळ्या व्हायच्या. हिला भावापेक्षा गिऱ्हाइकात रस. एखादी बाई बरेच दिवस दिसली नाही तर ही वॉचमनकडे चौकशी करायची, आणि ती बाई परत आली की तिचीच उलटतपासणी घ्यायची. लोक वैतागायचे, पण यायचे हिच्याचकडे. आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हे शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस या शहरात सहजी मिळत नाही.

अशा या बाईला स्वतःच्या घरातल्या एका प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. तिचा नवरा कुठे होता?

प्रज्योत आखातात टगबोटीवर कामाला गेला तेव्हा त्यांची मुलगी अबोली नुकती भिंत धरून चालायला लागली होती. टग म्हणजे मोठाल्या जहाजांना बंदरात ओढून आणणारी बुटकी, दणकट बोट. कोळीवाड्यातली बरीच पोरं त्यावर जातात, कारण पाणी ओळखीचं असतं आणि पगार बरा असतो. सुरुवातीला प्रज्योतचे फोन यायचे, पैसेही यायचे. मग पैसे आटले, मग फोन आटले, आणि एक दिवस नंबरच बंद झाला. ना भांडण, ना निरोप. अबोली आता चौथीत होती आणि बाप या विषयावर शाळेत निबंध आला की आजोबांवर लिहून मोकळी व्हायची. आजोबा, म्हणजे प्रज्योतचे वडील भिकाजी, ती जन्मायच्या आधीच गेले होते. तरी निबंध चांगला व्हायचा.

हेमांगी गप्प बसली असेल असं कुणाला वाटलं तर त्याने तिला ओळखलं नाही. सुट्टीवर आलेला एकही खलाशी तिने सोडला नाही. नोकरी लावून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात ती इतक्या वेळा गेली की तिथली पोरगी तिला न विचारता पाणी आणून द्यायची. कुणी म्हणे दुबई, कुणी म्हणे कतार. एकाने त्याला विमानतळावर पाहिलं होतं आणि तो जाड झाला होता. दुसऱ्याने त्याला त्याच सुमाराला बंदरात पाहिलं होतं आणि तो वाळला होता. हे तुकडे जोडून हेमांगी मनाशी एक नवरा तयार करायची. तो आता चष्मा लावत असेल का? स्वतः भात शिजवत असेल, की कुणी शिजवून देत असेल? राग होताच, चिक्कार होता, पण खरं सांगायचं तर रागाच्या बरोबरीने तिला कुतूहल होतं. आपल्या मुलीकडे पाठ फिरवून झोपणारा माणूस सकाळी उठल्यावर कसा दिसतो, हे तिला एकदा पाहायचं होतं.

एवढ्या सगळ्यांना विचारलं, पण एका माणसाला तिने कधी विचारलं नाही. ते माणूस तिच्या समोर बसून रोज कोलंबी सोलायचं. सोनूबाई, तिची सासू.

याला कारण होतं. प्रज्योतचे पैसे थांबले तेव्हा हेमांगीच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली होती. सोनूबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, “पोर ह्या घरातली हाय. सूनबी ह्याच घरातली हाय. चाय पिऊन जावा.” नंतर गुडघे दुखायला लागल्यावर तिने सोसायटीच्या फाटकाशी असलेली आपली जागा, जी तिला तिच्या सासूकडून मिळाली होती, ती हेमांगीला दिली. कोळणीने आपली बसायची जागा देणं म्हणजे सगळंच देणं. अशा बाईला ‘तुमचा मुलगा कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे का’ असं विचारायचं कसं? ती ‘नाही’ म्हणाली आणि ते खोटं वाटलं, तर पुढे एका चुलीवर जेवायचं कसं? हेमांगीने तो प्रश्न बाजूला ठेवला होता. दर शुक्रवारी आपण बाजाराला निघताना सासूबाई आपला जुना बटणांचा फोन आवर्जून चार्जिंगला लावतात, हे तिने पाहिलं होतं. सुक्या बोंबलांची एक चळत दरवर्षी घरातून कमी होते, हेही तिच्या ध्यानात आलं होतं. पण पाहिलेलं सगळं बोलायचं नसतं, एवढं शहाणपण चौकस माणसालाही असतं.

कोर्टाचा विषय निघाला तो सुरमईवरून. सोसायटीत उत्तरा नावाच्या वकीलबाई राहायच्या. हेमांगीने एकदा त्यांना, त्यांच्या भावाने घटस्फोटानंतर मुलाच्या खर्चाचं काय केलं, हे खोदून खोदून विचारलं. उत्तराने सगळं सांगितलं आणि मग उलट विचारलं, “आणि तुझा नवरा काय करतो गं?” हेमांगीच्या हातातला कोयता थांबला. तिला असा प्रश्न कुणी विचारत नसे, विचारायचं काम तिचं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर उत्तरा म्हणाली, “हे तू त्याच्याकडे मागायचं नाहीस, अबोलीच्या वतीने मागायचंस. तिचा हक्क आहे तो. बाप दुसऱ्या देशात गेला म्हणून बापपण संपत नाही.”

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अर्ज पडला. समन्स निघालं आणि शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावरून परत आलं. असा कोणी इथे राहत नाही. उत्तराने हात टेकले. “कोर्ट त्याच्या गैरहजेरीतही हुकूम देऊ शकेल, पण तो हुकूम घेऊन आपण जायचं कुठे? देश वेगळा, कायदा वेगळा. त्याची कंपनी कुठली आणि तो राहतो कुठे, हे दोन आण. बाकीचं मी बघते. नाहीतर ही फाईल नुसती झोपून राहील.”

अशी ती फाईल झोपलेली असताना चैत्र आला आणि गावकीचा सेक्रेटरी राजेश भर दुपारी हेमांगीच्या दारात येऊन उभा राहिला. राजेश म्हणजे प्रज्योतचा शाळेपासूनचा दोस्त. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून उकाड्याविषयी बोलायला लागला, तेव्हाच हेमांगीने ओळखलं की याच्या पोटात काहीतरी आहे.

“वहिनी, यंदा पालखीच्या पूजेला तुम्ही बसायचं.”

“मी? का रे बाबा?”

“बँडचा मान यंदा तुमच्या घराचा आहे ना.”

कोळीवाड्यात गावदेवीची पालखी निघते तेव्हा एकेक घर एकेक मान उचलतं. कुणी फुलं देतं, कुणी मांडव, कुणी देवीचं वस्त्र. पण सगळ्यात मोठा मान बँडचा. पालखी गावभर फिरते तेव्हा पुढे टेम्पोवर भोंगा असतो, आणि प्रत्येक नाक्यावर ‘बँड अमुकतमुक यांजकडून’ असा पुकारा होतो. ज्याचा बँड, त्याच्या दारात पालखी खांद्यावरून खाली उतरते. आणि सकाळच्या पूजेला त्या घरचं जोडपं बसतं. जोडप्याशिवाय मान पुरा होत नाही, ही रीत.

“आम्ही कधी दिला बँड?” हेमांगी हसली.

“तुम्ही नाही, वहिनी. प्रज्योतने दिलाय.”

आता खरं म्हणजे तिला राग यायला हवा होता. तो आला, पण जरा मागून. आधी तिच्या तोंडून जे निघालं ते तिच्या खोडीला धरून होतं. “कुठला बँड ठरवला?”

राजेशने नाव सांगितलं. सगळ्यात महागडा, एकसारखा पोशाख घालून वाजवणारा बँड. मग मात्र तिची कानशिलं तापली. अबोलीचे शाळेचे बूट पुढे फाटले होते आणि तिने ते आदल्याच रविवारी चांभाराकडून शिवून आणले होते. कोर्टाला सापडत नाही, बायकोला सापडत नाही, पोरीला तर नाहीच नाही, पण गावाने आपलं नाव भोंग्यावर पुकारायला पाहिजे! नाव गावातून पुसलं जाऊ नये एवढी काळजी बरोबर आहे माणसाला.

“कधी बोलला तुझ्याशी? कुठल्या नंबरवरून? काय म्हणाला? आवाज कसा होता?”

राजेशला घाम फुटला. “वहिनी, आईशपथ. गावकीच्या खात्यात त्याच्या नावाने मोबाईलवरून पैसे आले, खाली नुसतं ‘बँड’ लिहिलेलं. बहरीनवरून. त्याच्यापुढे मला काय पण माहीत नाय.”

“बहरीनमध्ये कुठे?”

“हे बघा, तुम्ही हे कोर्टात नेणार असाल तर मी काही बोललोच नाही. देवीचं काम आहे. त्याच्यात वकील नको, यार.”

आत सोनूबाई नारळ खवत होती. ‘बहरीन’ म्हटल्याबरोबर विळीचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला. हेमांगीने तेही ऐकलं.

उत्तराला हे कळलं तेव्हा ती भडकली. “तू त्याच्या मानाला बसणार? सरळ नाही म्हण!”

“नाय म्हटलं तर मान दुसऱ्या घरात जाईल, मॅडम, आणि विषय मिटेल. बसले तर काहीतरी कळेल.”

“काय कळेल?”

“ते बसल्याशिवाय कसं कळणार?”

आणि मग दैवानेच म्हणा, एक माणूस तिच्या मदतीला आला. गावचे जुने गुरुजी थकले होते. त्यांच्या जागी यंदा बोरिवलीचे यज्ञेश गुरुजी येणार होते. वयाने तरुण, पण कामाला फार काटेकोर. त्यांनी पूजेच्या आधी हेमांगीला स्वतः फोन केला. नावं, गोत्र सगळं नीट विचारलं. यजमान परदेशी असतात हे कळल्यावर म्हणाले, “काही अडचण नाही. पत्नीच्या शेजारी त्यांच्या जागी सुपारी ठेवू. मात्र यजमान कुठे आहेत ते मी संकल्पात म्हणतो. देश, नगर, वास्तव्य, सगळं. बरेच जण नुसतं ‘परदेशे’ म्हणून उरकतात. मला ते पटत नाही. मान कुणाचा आणि तो कुठे बसलाय, हे देवीला नीट कळायला नको का?”

हेमांगीला वाटलं, या माणसाला साष्टांग नमस्कार घालावा. “अगदी बरोबर आहे, गुरुजी,” ती म्हणाली. “अजिबात उरकू नका. मी विसरले तर तुम्ही विचारा. आणि माईकवर विचारा, आमच्याकडे पाठीमागच्या लोकांना ऐकू येत नाही.”

पूजेच्या दिवशी सकाळी देवळासमोरचा मांडव भरून गेला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अंगभर सोनं घालून बसल्या होत्या. हेमांगीने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं होतं. तिच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर विड्याच्या पानावर एक सुपारी ठेवली होती. हा प्रज्योत. तिने त्या सुपारीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि तिला भलत्या वेळी हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत नवरा एवढा वेळ शेजारी बसला नव्हता, आणि असा निमूटपणे तर लग्नाच्या दिवशीही बसला नव्हता. तिने ओठ दाबून हसू गिळलं. मागच्या बायकांना वाटलं, बिचारी रडू आवरते आहे. शेजारच्या शेवंतीमावशीने तर पदर डोळ्यालाही लावला. अबोली पुढे आरतीचं ताट धरून उभी होती, आणि अगदी मागे उत्तरा उभी होती. ‘मी यात पडणार नाही’ असं बजावून ती आली होती, पण तिलाही राहवलं नव्हतं.

गुरुजींनी संकल्पाचं पाणी हेमांगीच्या हातावर सोडलं आणि माईक ओढून घेतला. “यजमान प्रज्योत भिकाजी वैती सध्या कुठे वास्तव्याला आहेत?”

प्रश्न भोंग्यावरून पार धक्क्यापर्यंत गेला.

राजेश खांबाआडून म्हणाला, “बहरीन, गुरुजी.”

“तो देश झाला. नगर?”

“बहरीनच ना, गुरुजी.”

“अहो, देशाचं नाव मघाशी सांगितलंत. गाव? घर? यजमान समुद्रावर तरंगत तर नसतील.” मांडवात हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. पळी हातात धरून ते थांबले, आणि ते थांबले म्हणून सगळंच थांबलं. बाहेर बँडवाले पोशाख घालून बिडी विझवून तयार होते. पालखी सजून उभी होती. संकल्प झाल्याशिवाय पूजा होणार नव्हती, आणि पूजा झाल्याशिवाय पालखी हलणार नव्हती.

आता वळायचं की नाही, याचा हेमांगीने शेवटचा विचार केला. पुढच्या रांगेत, देवीच्या अगदी समोर, सोनूबाई मांडीवर हात ठेवून बसली होती. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न घशाशी आला होता. विचारला तर सासूला गावासमोर उघडं पाडल्यासारखं होणार होतं, आणि हे तिला आवडत नव्हतं. न विचारला तर पोरीचं काय? ती वळली.

“आई,” ती म्हणाली, “तो कुठे राहतो ते तुम्हाला माहीत आहे का?”

सोनूबाईने सुनेकडे पाहिलं नाही. तिने देवीकडे पाहिलं. देवीच्या चांदीच्या मुखवट्याला तेव्हाच कुणीतरी हार घातला होता आणि तो एका बाजूला ओघळला होता. सोनूबाई खांबाला धरून उठली, पुढे झाली, तो हार सरळ केला आणि तिथेच उभी राहून बोलायला लागली.

“मुहर्रक म्हणून गाव हाय. तिकडं जुन्या बंदराच्या मागली गल्ली. खाली केरळवाल्याचं हॉटेल, वर तिसरा माला. अल सफिना म्हणून टगवाली कंपनी हाय, तिच्यात तो तांडेल हाय, बोट तोच चालवतो. खोलीत आदी तिघं होते, आता एकटाच हाय.”

एवढं बोलून ती खाली बसली. मान तिने खाली घातली नाही.

गुरुजींनी मान डोलावली. त्यांना पाहिजे होतं ते मिळालं होतं, बाकी गावाचं काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. खणखणीत आवाजात त्यांनी सुरू केलं. “बहरीनदेशे, मुहर्रकनगरे, पुरातन-बंदरस्य पृष्ठभागे, उपाहारगृहस्य उपरि, तृतीये तले निवसतः, अल-सफिना-नौका-संस्थायां कार्यरतस्य...” पहिल्यांदा पोरं खिदळली. मग एकेक मोठं माणूस समजून गप्प झालं. प्रज्योत वैतीला जे सगळ्या जगापासून लपवून ठेवायचं होतं, ते त्याच्याच मानाच्या पूजेत, त्याच्याच गावच्या देवीसमोर, भोंग्यावरून संस्कृतात सांगितलं जात होतं. मागे उत्तरा मोबाईलवर भराभर टाईप करत होती. तिचं संस्कृत शाळेनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडलं होतं.

दिवस कलताना पालखी त्यांच्या दारात आली आणि रीतीप्रमाणे खांद्यावरून उतरली. बँडने गाणं धरलं. अबोली नाचत होती, दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, शिवलेले बूट घालून. बापाने दिलेल्या बँडवर नाचतेय हे तिला माहीत होतं का, कुणास ठाऊक. हेमांगीला तिच्याकडे पाहून आनंदही झाला आणि संतापही आला, आणि ते दोन्ही एकदमच भोगत ती उभी राहिली. बँड वाजत राहिला. गावातल्या पुरुषांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. बायकांनी मात्र ओटी भरताना तिचा हात जरा जास्तच दाबला.

पालखी पुढच्या गल्लीत गेली, तेव्हा दोघी सासवा-सुना पायरीवर बसल्या.

“फोन कधी करतो?” हेमांगीने विचारलं. आता विचारायला काही अडत नव्हतं.

“शुक्करवारी. तू बाजारात असतेस तवा.”

“आणि पत्ता कसा कळला?”

“सुके बोंबील धाडायचे होते. ज्या पोराबरोबर धाडायची, त्याला त्यानं सांगितला, त्या पोरानं मना सांगितला. कागुद ठेवला असता तर तुज्या हातात गावला असता. म्हणून पाठ केला.”

पुढचा प्रश्न विचारायची हेमांगीला भीती वाटत होती, आणि अशी भीती तिला आयुष्यात फार कमी वेळा वाटली होती. “अबोलीचं विचारतो?”

सोनूबाईने लुगड्याचा काठ बोटांत धरला. “पयलं इचारायचा. मग इचारायचा नाय, मीच सांगायची. दात पडला, चौथीत गेली, नाचते कशी. मंग एक दिवस म्हनाला, आये, तिचं नको सांगू, मना तरास होतो.”

“मग?”

“मंग मी सांगायचं बंद केलं. फोन तोडंल म्हणून.” ती थांबली. “तरास होतो म्हनाला गो. तिकडं बसून त्याला तरास होतो.”

हेमांगीला रडू आलं. तिने ते या वेळी आवरलं नाही. रडता रडताही तिने विचारायचं ते विचारलंच, “मला एकदा तरी सांगायचं होतं, आई.”

“तू इचारलं नाय.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं?”

“नाय,” सोनूबाई म्हणाली. “खोटं बोलली असती. पोटचा पोर हाय तो. घरात इचारलं असतंस तर डोल्यात डोला घालून खोटं बोलली असती, आणि मंग तुज्या हातचा घास मना गिलता आला नसता. रोज वाटायचं, आज इचारंल. कुणालाबी इचारतेस तू, वॉचमनच्या बायकोला बाळंतपणाचं इचारतेस. मना नाय इचारलंस. म्हणून तुज्याबरोबर जेवता आलं.” तिने पदराने तोंड पुसलं. “देवीसमोर इचारलंस, ते बरं केलंस. तिथं मना बोलता येत नाय खोटं.”

कंपनीचं नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाल्यासारखा, असं उत्तरा म्हणाली होती, आणि ते निम्मं खरं ठरलं. समन्स सरकारी वाटेने, या खात्यातून त्या खात्यात, या देशातून त्या देशात, फिरत फिरत गेलं. मधे पावसाळा आला, नारळीपौर्णिमेचा नारळ टाकून झाला, होड्याही परत पाण्यात गेल्या. हेमांगीने या काळात उत्तराला इतके प्रश्न विचारले की उत्तरा मासे घ्यायला नोकराला पाठवायला लागली. तिकडचं कोर्ट इकडचा हुकूम मानतं का? नाही मानलं तर? कंपनीला कळवता येतं का? ‘हळूहळू कळेल’ हे उत्तर हेमांगीला मुळीच पटायचं नाही. पण समन्स पोचलं, आणि ते घेतल्याची सही परत आली.

त्या आठवड्यापासून शुक्रवारचा फोन बंद झाला. सोनूबाई तो चार्जिंगला लावायची, जवळ घेऊन बसायची, आणि दुपार टळली की काढून ठेवायची. हेमांगीने हे पाहिलं, आणि त्याबद्दल काहीही विचारलं नाही. मात्र शुक्रवारी बाजार आटोपून ती लवकर घरी यायला लागली.

सुनावणीच्या दिवशी सोनूबाई म्हणाली, “मीबी येते.” हेमांगीने नको म्हणून पाहिलं, गुडघ्यांचं कारण सांगितलं. तोवर सोनूबाई लुगडं बदलून रिक्षाची वाट पाहत दारात उभी राहिली होती.

वांद्र्याच्या कोर्टात त्या दालनात भिंतीवर एक पडदा होता आणि त्यावर, बऱ्याच खरखरीनंतर, प्रज्योत दिसला. हेमांगी पुढे वाकली. इतकी वर्षं मनाशी जोडलेला माणूस समोर होता आणि तिला प्रत्येक गोष्ट बघायची होती. चष्मा होता. जाड झाला नव्हता. कानांपाशी केस पिकले होते. मागच्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता, तो यानेच आणला असेल का? शर्टाला इस्त्री होती, म्हणजे कोर्टासाठी त्यानेही तयारी केली होती तर. इतक्या सगळ्यात तिने एक गोष्ट शोधली, आणि ती तिला दिसली नाही. तो कुठेही घाबरलेला दिसत नव्हता. तो नुसता कंटाळलेला दिसत होता, रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा. तिच्या मनातलं कुतूहल तिथेच संपलं. मुलीकडे पाठ फिरवणारा माणूस सकाळी कसा दिसतो, ते तिने पाहिलं होतं. कुणासारखाही दिसतो.

न्यायाधीशांनी त्याला नाव विचारलं, ते त्याने सांगितलं. मग त्याची नजर त्याच्या समोरच्या पडद्यावर, इकडच्या चौकटीत फिरली. वकीलबाई, हेमांगी, आणि हेमांगीच्या खांद्याला खांदा लावून बसलेली म्हातारी. तेव्हा कुठे त्याचा चेहरा बदलला.

“आये?” तो म्हणाला. “तू तिकडं कशाला आलीस?”

न्यायाधीशांनी हात वर केला, मध्ये बोलू नका म्हणून. पण सोनूबाई तोवर उठून उभी राहिली होती. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही.

“पोरीची आजी म्हणून आली हाय मी,” ती म्हणाली. “तू कोण म्हणून आलास, ते सायबांना सांग.”